गार असताना पातळ, कानात घट्ट

ज्यांचा एक कान कालपरवा अचानक बंद पडला आहे, त्यांनी हे वाचत बसू नये. आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं, आजच्या आज, आणि मग सावकाश येऊन वाचावं. मी लिहायला बसले त्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण माझे मिस्टर आहेत. त्यांच्याकडे ओघाने येईनच.

घराचे कान

आम्ही भिलाईत, स्मृती नगरमध्ये राहतो. मी एका शाळेच्या कार्यालयात आहे. दाखले, हजेरी, बसचे मार्ग, परीक्षेच्या बैठका हे सगळं माझ्याकडे असतं. यादी केल्याशिवाय मला भाजी आणायलाही जमत नाही.

मिस्टर कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये. क्रेनला इशारे देणं हे त्यांचं काम. वर केबिनमध्ये क्रेनवाला, खाली हे, आणि मध्ये एवढा आवाज की ओरडून काही उपयोग नाही. म्हणून सगळं बोलणं हातांनी. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. खाली करून फिरवली की सोड. हात आडवा धरला की थांब. तोंडाने फक्त एकच शब्द, तोही सवयीने, स्वतःशीच: ‘आरिया’. खलाशांच्या, म्हणजे अवजड माल उचलणाऱ्या कामगारांच्या बोलीत आरिया म्हणजे खाली घे.

त्या आवाजाने यांचे दोन्ही कान हळूहळू मंद झाले. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, फोनची रिंग यांना ऐकू येत नाही. ते सगळं मी ऐकायचं आणि यांना सांगायचं, अशी आमची वाटणी. तेही ओरडून नाही, हातानेच. अंगणात हे स्कूटर धूत असले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खूण करायची आणि हे जेवायला आत यायचे. मिलमधल्या मित्रांना हे सांगत, “माहे कान घरी राह्यतात. ड्युटीवर आनत नाई, खराब होतीन.”

म्हणून माझा उजवा कान गेला तेव्हा तो एकटीचा गेला नाही. घराच्या दोन कानांपैकी एक गेला.

फोन खराब नव्हता

सकाळी पुण्याहून मुलीचा, पल्लवीचा फोन आला. मी नेहमीसारखा उजव्या कानाला लावला. काहीच नाही. हॅलो हॅलो करून ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. मग हातात चहाचा कप होता म्हणून डाव्या हाताने उचलला, तर तिचा आवाज खणखणीत.

“मम्मी, तू बार बार फोन कावून काटून राहिली?”

मी फोन परत उजवीकडे नेला. पल्लवी नाहीशी झाली. डावीकडे आणला, परत आली. उजव्या कानात फक्त एक गुणगुण होती, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरसारखी, न थांबणारी.

दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दुखणाऱ्या गोष्टीला माणूस घाई करतो. सर्दीने दडा बसला असेल, मळ असेल, असं आम्ही ठरवलं. यांनी तिळाच्या तेलात लसूण कढवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि मला कुशीवर झोपवून कानात दोन थेंब सोडले. तेल कोमट होतं, हात हलका होता, उपयोग शून्य होता. तेलाने हा आजार जात नाही, आणि आठवडा मात्र जातो. हे ज्यांच्या घरी तेल कढवायला ठेवलं आहे त्यांच्यासाठी.

रायपूरची खोली

रायपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात कानाच्या डॉक्टर मॅडम होत्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी मला काचेच्या बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. डाव्या कानाच्या वेळी मी भराभर दाबत होते. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं मशीन थांबलं. काचेपलीकडे पाहिलं तर मशीनवरची मुलगी नॉब फिरवतच होती. 

“नस का मामला है,” मॅडम म्हणाल्या. “देर हुई है, पर बहुत देर नहीं हुई.”

यावर पहिला उपाय स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. पण मला मधुमेह. त्या दिवशीची साखर पाहूनच त्यांनी मान हलवली. दुसरा उपाय, तेच औषध पडद्यातून सुईने थेट कानात सोडायचं. त्यात अडचण अशी की कानातून घशात एक बारीक नळी जाते. आपण थुंकी गिळली की ती उघडते आणि पातळ औषध घशात उतरतं. जिथे थांबायला हवं तिथे थांबतच नाही.

मग त्यांनी तिसरी गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे एका जेलचा अभ्यास चालू होता. थंडीत ते पाण्यासारखं पातळ असतं, म्हणून बारीक सुईतून जातं. अंगाची ऊब लागली की तिथल्या तिथे घट्ट होतं आणि आतल्या कानाच्या खिडकीला चिकटून बसतं. त्यातलं औषध हळूहळू बाहेर पडत राहतं. नंतर काही काढावं लागत नाही, शरीर ते जेल स्वतःच विरघळवून टाकतं.

सोबत आलेले हे सगळा वेळ मॅडमच्या ओठांकडे बघत होते. मी वळून यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं: तूप थंडीत गोठतं, उन्हात पातळ होतं. हे त्याच्या उलट.

“मंजे उलटं तूप,” हे म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात त्याला दुसरं नाव नाही.

संमतीचे कागद मी घरी आणून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि प्रश्न लिहून काढले. सगळ्यांनाच जेल मिळणार की काहींना नुसतं पाणी? सगळ्यांना. पडद्याचं छिद्र बुजतं का? बहुतेकांचं बुजतं. कान परत येईल का? या प्रश्नाला मॅडमनी फोनवर खरं उत्तर दिलं: माहीत नाही, म्हणूनच अभ्यास आहे.

यांना ते पटत नव्हतं. “तुह्यावर प्रयोग करून राहिले का? आपल्याच घरचा माणूस भेटला का त्यायले?”

“अहो, मीच हो म्हणतेय.”

“कावून?”

“कारण नाही म्हटलं तर काय होतं ते मला माहीत आहे.”

हे उठले. मग पेन शोधून आणून माझ्या हातात दिलं.

ओरडू नका

मधले दिवस वाईट होते. एक कान गेला की आवाज कुठून येतो ते कळत नाही. शाळेत कोणी हाक मारली की मी भलतीकडेच बघायचे. रस्ता ओलांडताना एक ई-रिक्षा उजवीकडून आली आणि माझ्या पिशवीला घासून गेली. चालकाने हॉर्न दिला होता म्हणे. त्या दिवसापासून हे माझ्या उजवीकडून चालू लागले. काही न बोलता, नुसती बाजू बदलून.

मी मात्र चिडचिडी झाले होते. डावाही गेला तर, हे सतत डोक्यात. पल्लवी रोज म्हणायची, “पुण्याले या ना तुम्ही दोघं, इथं सब कुछ है.” तिचा फोन आला की मी यांच्याकडे द्यायचे आणि हे तो माझ्याकडे परत द्यायचे, कारण त्यांना तर मुळातच ऐकू येत नव्हतं. ती पोर तिकडे तशीच हॅलो हॅलो करत राहायची.

एका संध्याकाळी यांनी मला तीनदा काहीतरी विचारलं. चौथ्यांदा इतक्या मोठ्याने की शेजारची खिडकी उघडली.

“भाजीत मीठ टाकलं काऽऽ?”

“ओरडू नका! मी काय बहिरी आहे?”

बोलून गेले आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आधी हे हसले. मग मी. खिडकीतून शेजारीण म्हणाली, “डाल दो नमक, भाभी!” मग तर हसणं आवरेना. आजारपणात पोटभर हसलेली ती पहिली वेळ. भाजी अळणीच खाल्ली.

उचल

जेलचा दिवस मे महिन्यातला. रायपूरला जाणाऱ्या जीई रोडवर डांबर मऊ झालेलं. खोलीतला एसी दमून बंद पडला होता. सिस्टरने बर्फाच्या डब्यातून सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली, तेवढ्यात मॅडमना दुसरीकडे बोलावणं आलं. परत येऊन त्यांनी आधी सिरिंज दाबून पाहिली. काहीच बाहेर येईना. खोलीच्या उष्म्यानेच जेल आत घट्ट झालं होतं.

“उलटं तूप जमलं,” हे मला म्हणाले. यांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं.

मॅडमनी ती सिरिंज बाजूला, परत बर्फात ठेवली आणि दुसरी बर्फातच ठेवायला सांगितली. मला कुशीवर झोपवलं, उजवा कान वर. पडदा बधिर केला. मग नियम सांगितले: सुई निघाल्यावर त्या सांगेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, डोकं अजिबात हलवायचं नाही. जेल बसेपर्यंत. काही सांगायचं असलं तर हाताने सांगा. आणि यांना म्हणाल्या, “भाई साहब, आप इनके सामने खड़े रहिए, ध्यान रखिए.”

इथे चूक झाली. मॅडमना काय माहीत, आमच्या घरात हाताने सांगणं म्हणजे काय असतं.

हे माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, मिलमध्ये उभे राहतात तसे, पाय फाकवून, नजर माझ्या हातावर. सुई गेली. दुखलं नाही फारसं. पण ते गार औषध आत पोचलं आणि आख्खी खोली फिरायला लागली. छत, दिवा, हे, सिस्टरचा निळा गाऊन, सगळं गोल. थंड काही कानात गेलं की असं होतं, थोड्या वेळाने थांबतं, हे मला सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं आणि झालेलं यात फरक असतो. गरगरतंय, एवढं सांगण्यासाठी मी तर्जनी वर केली आणि गोल फिरवली.

यांनी क्षणाचाही विचार केला नाही. ज्या खुणेवर आयुष्यभर पोलादाचे गठ्ठे उचलले गेले, तीच खूण मी केली होती. एक हात माझ्या मानेखाली, एक पाठीखाली, आणि यांनी मला उचललं.

“अरे, अरे! क्या कर रहे हैं!” मॅडमनी हात आडवा केला.

हे थांबले. मी अर्धी वर, अर्धी खाली, तशीच अधांतरी. खोलीत कोणी हलेना.

“धीरे से... नीचे... धीरे से.”

“आरिया,” हे म्हणाले. “आरिया... आरिया...” आणि मला असं खाली ठेवलं की उशीचा अभ्रासुद्धा सुरकुतला नाही.

मी डोळे मिटून घेतले. घशात कडू चव येते का, एवढंच बघत होते. कडू आलं म्हणजे औषध नळीतून खाली गेलं, म्हणजे सगळं गेलं. गिळायचं नव्हतं, म्हणून तोंडात पाणी साठत होतं. ते कडू होतंय का? नाही. अजून नाही.

मॅडम मायक्रोस्कोप ओढून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज डाव्या कानातून, उशीतून, दबलेला आला. “बैठा है. जहाँ रखा था, वहीं बैठा है.”

नुसतं पातळ औषध असतं तर त्या उचलण्यात उरलं नसतं, असं त्या नंतर म्हणाल्या. अंगाच्या उबेने ते तेवढ्या क्षणातच धरलं होतं. मग बाजूला ठेवलेली ती पहिली सिरिंज त्यांनी बर्फातून काढून दाखवली. ती पुन्हा पाण्यासारखी झाली होती. एक थेंब त्यांनी माझ्या मनगटावर टाकला. बघता बघता तो साबुदाण्याच्या दाण्यासारखा थिजला. त्या इवल्या दाण्याच्या भरवशावर माझा कान होता.

बाहेर आले तर हे बाकावर दोन्ही हातांवर बसलेले. पंजे मांड्यांखाली दाबून.

“हात कुठे आहेत?” मी विचारलं.

“आता बाहेर काढत नाई,” हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

न बोलणारे हात

त्यानंतरचे दिवस मला औषधापेक्षा याच गोष्टीने जड गेले. यांनी खुणा बंद केल्या. खिडकीतून मी हात केला तर हे अंगणातून आत येऊन, समोर उभं राहून विचारायचे, “काय म्हनतं?” कुकरसाठी, बेलसाठी, जेवायला वाढू का यासाठी, सगळं तोंडाने. चहा आणून ठेवायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

“अहो, झालं ते झालं. औषध जागेवर आहे.”

“तुह्या कानाचं काई झालं असतं तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं? मी इतके वर्स लोखंड उचललं, कदी खरचटू देल्लं नाई. अन् घरच्या मानसाले...”

हे उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेले. कूलर भरलेलाच होता, पाणी खाली सांडत राहिलं.

ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना एक सांगते: आजारी माणसाकडे सगळे बघतात, सांभाळणाऱ्याकडे कोणी बघत नाही. माझ्या रोजच्या यादीत तेव्हापासून एक ओळ असे: यांच्याशी पंधरा मिनिटं, आजाराबद्दल काही न बोलता. आम्ही बहुतेक वेळा आंब्यांबद्दल बोललो. लोणच्याचे दिवस होते.

दुपार

कान परत येतोय का, हे बघायची माझी एक पद्धत होती. दुपारी शाळेतून आल्यावर पलंगावर डाव्या कुशीवर पडायचं. बरा कान उशीत गाडून टाकायचा. मग जग बंद व्हायचं, फक्त ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. आणि मी वाट बघायची. कारखान्याचा भोंगा, गल्लीतला भाजीवाला, काहीही. रोज काहीच यायचं नाही. मग उठून कामाला लागायचे.

आज कानाच्या तपासणीच्या आलेखात जाड, खालच्या आवाजांच्या रेषा बऱ्याच वर आल्या आहेत, बारीक आणि उंच आवाज मात्र उजव्या कानाला गेले ते गेलेच. कुकरची शिट्टी आता मी डाव्यानेच ऐकते. बेलला आम्ही लाल दिवा लावून घेतलाय, दोघांसाठी. गुणगुण अजून आहे, कमी आहे. पुण्याला जायचं नाही हे पल्लवीला एकदाचं पटलंय. तिने फोनसाठी मला इअरफोन पाठवले, दोन्ही कानांचे. एकाच कानाचे मागवायचा तिला धीर झाला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी ती दुपार आली.

मी नेहमीसारखी डाव्या कुशीवर पडले होते. गुणगुण चालू होती. आणि तिच्या खालून, खूप खोलातून, काहीतरी जाड, खरखरीत असं येऊ लागलं. आधी वाटलं कूलर. पण कूलर एकसारखा वाजतो. हे थांबत होतं, परत येत होतं. मी श्वास धरून पडून राहिले. उशीत कान आणखी दाबला, चुकून डाव्यातून येत असेल तर बंद व्हावं म्हणून. बंद झालं नाही.

शब्द नव्हते. नुसता चढ आणि उतार. पण तो उतार मला ओळखू आला.

आ-रि-या.

हे स्वयंपाकघरात होते. लोणच्याची मोठी बरणी माळ्यावरून उतरवत होते. मला हाक मारायची नाही, मला उठवायचं नाही, म्हणून एकटेच स्टुलावर चढले होते आणि त्या चिनी मातीच्या बरणीला, जणू पंचवीस टनांचा रुळांचा गठ्ठा असावा तसं, सांगत होते: आरिया... आरिया... आणि मग बरणी ओट्यावर टेकल्याचा एक मऊ ठोका. तोही ऐकला.

उठून धावत जायला हवं होतं. मला उठवेना. डोळ्यातलं पाणी नाकावरून उशीत जात होतं आणि मी तशीच ऐकत पडले होते. स्टूल सरकलं. पावलं. फडक्याने बरणी पुसताना हे काहीतरी पुटपुटत होते, ते काही कळलं नाही. पण आवाज यांचा होता, आणि तो उजव्या कानात होता.

हे दारात आले. माझे डोळे उघडे दिसले, ओले दिसले, आणि यांचा चेहरा उतरला. हात आपोआप पाठीमागे गेले.

मी काही बोलले नाही. डावा कान उशीतच ठेवला. तर्जनी वर केली आणि हळूहळू गोल फिरवली.

हे हलले नाहीत. माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. ओठ दाबून, जमेल तितक्या हळू, म्हणजे शेजारणीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले,

“उचलू का? का डॉक्टरले इचारू पह्यले?”

“विचारायचं काही नाही,” मी म्हटलं. “ऐकू आलंय मला.”